काचेची कड पाहायला शिकवणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

लंडनच्या क्यू उद्यानात २०१९ मध्ये एप्रिल ते ऑक्टोबर भरलेले अमेरिकन काचकलाकार डेल चिहुली यांच्या काचशिल्पांचे प्रदर्शन पाहून आम्ही बडोद्याला परतलो, आणि ते डोळसपणे पाहता आले याचे श्रेय आपले आहे. समोरासमोर आभार मानू लागले की आपण चहाचा विषय काढता, म्हणून हे जाहीर पत्र.

प्रयोगशाळांसाठी काचेची उपकरणे घडवण्यात आपली हयात गेली. निघण्यापूर्वी रावपुऱ्यातल्या आपल्या ओट्यावर आपण समजावले होते, की आपले काम बर्नरच्या ज्योतीवर तयार नळी मऊ करून चालते, तर चिहुलींच्या पद्धतीत भट्टीतला सुमारे ११०० अंशांचा काचरस पोकळ नळीच्या टोकावर घेऊन फुंकतात आणि पुढे तो गरगर फिरवला की कड आपोआप पसरते. तयार वस्तू तशीच थंड होऊ दिली तर बाहेरचा थर आधी आक्रसतो आणि त्या ताणाने ती तडकते, म्हणून तिला वेगळ्या भट्टीत सावकाश निववावे लागते, हेही आपणच सांगितलेत. ‘रंगाला भुलू नका, कड कुठे झुकली ते पाहा,’ असे आपण बजावले होते.

वॉटरलिली हाउस या १८५२ च्या काचघरात ते पटले. तिथल्या पांढऱ्या काचफुलांची एकही कड दुसरीसारखी नव्हती. एका फुलाची बाजू इतकी खाली लवली होती, की वजन कुठे उतरले असेल ते नेमके कळत होते. पाम हाउस या दुसऱ्या काचघराजवळचे ‘समर सन’ हे लाल-पिवळे शिल्प मात्र मला भडक वाटले. लोकांची छायाचित्रांसाठी झुंबड तिथेच होती, हे सांगायला नकोच.

चिहुलींची शिल्पे त्यांचा चमू घडवतो, म्हणून ‘हात दुसऱ्यांचे आणि नाव एकाचे’, या आपल्या आक्षेपाशी मी पूर्ण सहमत नाही. १९७६ च्या अपघातात चिहुलींच्या डाव्या डोळ्याची दृष्टी गेली, १९७९ मध्ये खांदा दुखावला आणि काच फुंकण्याची नळी त्यांना सोडावी लागली. परंतु चमूने मिळून काम करण्याची रीत त्यांनी १९६८ मध्येच इटलीत व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरील काच कारखान्यात पाहिली होती. तिथे उस्ताद सांगतो आणि बाकीचे हात चालवतात. आपल्याकडच्या मूर्तिशाळांतही दुसरे काय होते?

शिल्पांतले काचेचे तुकडे टांगतात कसे, असे आपण विचारले होते. टेम्परेट हाउसमध्ये, म्हणजे १८६३ मध्ये खुल्या झालेल्या आणि २०१८ मध्ये डागडुजीनंतर पुन्हा उघडलेल्या काचघरात, वरच्या सज्ज्यावर चढून मी तिथल्या टांगलेल्या शिल्पाची मागची बाजू मुद्दाम पाहिली. आत पोलादी सांगाडा असून काचेचा एकेक तुकडा त्यावर स्वतंत्रपणे बसवलेला आहे. सांधे नीट दिसतील अशी छायाचित्रे मोठ्या आकारात छापून घेतली आहेत; रविवारी सकाळी घेऊन येते.

आपली कृतज्ञ,
रावपुऱ्यातील शेजारीण