आइस्क्रीमची इंग्रजी नावे आणि मागण्याची रीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

व्यवहारातले इंग्रजी शिकवताना आइस्क्रीमच्या प्रकारांची नावे बहुधा चित्राखालच्या यादीसारखी पाठ करून घेतली जातात, पण त्या नावामागचा पदार्थ कोणता हे सांगायचे राहून जाते. इंग्रजीची शिक्षिका म्हणून मला ही उणीव गंभीर वाटते.

सॉर्बे म्हणजे फळांचा रस किंवा गर, साखर आणि पाणी गोठवून केलेला, मुळात बिनदुधाचा पदार्थ. अमेरिकेत शर्बेट या नावाने जे मिळते त्यात मात्र थोडे दूध असते, आणि ब्रिटनमध्ये त्याच शब्दाचा अर्थ जिभेवर फसफसणारी गोड पूड असा होतो. आपले सरबत याच शब्दकुळातले असल्यामुळे मराठी माणसाला ही नावे ओळखीची वाटतात आणि त्यामुळेच घोटाळा होतो. ज्याला दुधाची अ‍ॅलर्जी आहे, त्याला तो महागात पडू शकतो. जिलेटोत नेहमीच्या आइस्क्रीमपेक्षा हवा कमी आणि सहसा स्निग्धांशही कमी असतो, तर अमेरिकेतल्या नियमानुसार आइस्क्रीम म्हणवणाऱ्या पदार्थात किमान १० टक्के दुग्धस्निग्धांश लागतो. काडीवर गोठवलेल्या रसाला ब्रिटनमध्ये आइस लॉली म्हणतात. अमेरिकेत रूढ असलेला पॉप्सिकल हा शब्द मूळचा व्यापारी नावाचा आहे.

खरी अडचण येते ती मागताना. 'कोनमध्ये व्हॅनिलाचे दोन स्कूप' हा आपला क्रम इंग्रजीत नेमका उलटा होतो: 'टू स्कूप्स ऑफ व्हॅनिला इन अ कोन'. शिवाय 'द्या' या एका क्रियापदात मराठीचा आदर सामावलेला असतो, तो 'गिव्ह मी'मध्ये उतरत नाही, आणि अत्यंत सभ्य विद्यार्थीसुद्धा ऐकणाऱ्याला उद्धट वाटतो. 'कुड आय हॅव' अशी सुरुवात आणि शेवटी 'प्लीज' एवढे जिभेवर बसले, तर उच्चारातल्या लहानसहान चुका कोणी मनावर घेत नाही.

म्हणून अभ्यासक्रम आखणाऱ्यांना माझी विनंती आहे की, या धड्यात नावांची संख्या हवी तर कमी करावी, पण प्रत्येक विद्यार्थ्याकडून पूर्ण वाक्यात मागणी करवून घ्यावी आणि तिच्या जोडीला 'डझ धिस कन्टेन मिल्क?' हा प्रश्नही मोठ्याने विचारायला लावावा.

आपली,
एक इंग्रजी शिक्षिका