खोलीचं आधी बघ

वडोदरा,
५ ऑक्टोबर २०२५

प्रिय प्रज्ञा,

जय भीम.

काल तू बोलता बोलता फोन ठेवलास. मी परत लावला नाही, कारण लावला असता तर पुन्हा तेच विचारलं असतं आणि तू पुन्हा चिडली असतीस. तू म्हणालीस, "आई, तुला फक्त खोलीचं पडलंय." हो, पडलंय. तिथे इंग्लंडात नागपूरच्या त्या मुलीच्या खोलीत तू गादी टाकून झोपतेस, तिथे पाहुणा किती रात्री चालतो कोण जाणे. मला रात्री जाग येते आणि पहिला विचार तोच येतो.

खोली नाकारणाऱ्या त्या तिघींचा राग मलाही आला. व्हिडिओवर स्वयंपाकघर दाखवलं, फ्रिजमधला तुझा कप्पा कोणता तेसुद्धा सांगितलं. मग पूर्ण नाव विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी निरोप आला की आम्ही शाकाहारी मुलगी बघतोय. तू तर चौथीपासून अंडंही खात नाहीस.

आपलं मकरपुऱ्याचं घर मिळायच्या आधीचं तुला मी कधी नीट सांगितलं नाही. दादा पोटात होता. घरमालकाने दोन्ही खोल्या दाखवल्या, नळ सोडून दाखवला, किल्ली काढून हातात धरली. मग विचारलं, "तमे केवा?" म्हणजे तुमची जात कुठली. पप्पांनी आडनाव सांगितलं. माणूस काही वाईट बोलला नाही. किल्ली खिशात घातली आणि म्हणाला, इथे पाण्याची फार अडचण आहे, तुम्हाला फावणार नाही. नळ तेव्हाही चालू होता. पप्पा उन्हात सायकल ढकलत घरी आले, चालवली नाही. त्यांना हे आठवलेलं आवडत नाही, तू विषय काढू नकोस.

म्हणून मला खोलीचं पडलंय.

बाबासाहेबांची गोष्ट तुला पाठ आहे, दर २३ सप्टेंबरला कमाटीबागेत माझ्या कडेवर बसून ऐकलीस. पण या आठवड्यात ती मला वेगळी दिसली. १९१३ मध्ये सयाजीराव महाराजांनी महिना साडेअकरा पौंड देऊन त्यांना न्यूयॉर्कला कोलंबियात पाठवलं. तिथे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये ते नवल भथेना नावाच्या पारशी तरुणाबरोबर राहिले आणि ती मैत्री जन्मभर टिकली. १९१७ मध्ये नोकरीसाठी बडोद्याला आले, तर अख्ख्या गावात खोली नाही. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, अकराव्या दिवशी माणसं काठ्या घेऊन दारात. दोन मित्रांना विचारलं, एक हिंदू, एक ख्रिस्ती, दोघांनी टाळलं. मुंबईची गाडी रात्री नऊला, तोवर पाच तास याच कमाटीबागेत काढले. शिष्यवृत्ती देणारा राजा याच गावचा, आणि खोली न देणारं गावही हेच. आपण राजाचं नाव अभिमानाने घेतो, घ्यावंच. पण फी आणि तिकीट दिलं म्हणजे मूल पाठवून झालं असं नसतं, हे तेव्हाच कळायला हवं होतं.

बघ, मी वर्गात शिकवायला लागले. राहू दे.

विद्यापीठाकडे करायच्या ज्या अर्जाचं तू मला सांगत होतीस, तो मी पूर्ण ऐकून घेतला नाही. आता विचार करते आहे. तुमच्या विद्यापीठाच्या स्वागतात रंग, धर्म, अपंगत्व सगळ्याची काळजी घेतात, हे चांगलंच आहे. पण भारतातून आलेली सगळी मुलं त्यांना एकसारखी वाटतात. नव्या मुलीला मदत हवी असली की तिला भारतीय मुलांच्या गटाकडे पाठवतात, आणि तुझ्या आडनावाची चौकशी तिथेच होते. त्यांना हे माहीतच नाही. भर सभागृहात उठून तू जातीचं विचारलंस, हे नागपूरच्या मुलीने मला सांगितलं, तू नाही. मी शाळेत सगळ्यांना सांगितलं. शिपाई मावशींनाही.

आणि मग घरी येऊन घाबरले. इंग्लंडच्या २०१०च्या समानता कायद्यात जात हा शब्दच नाही म्हणालीस. २०१३ मध्ये तिथल्या संसदेने घालायचं ठरवलं आणि २०१८ मध्ये तिथल्या सरकारने नको म्हटलं. मग उद्या तुझ्या पाठीशी कोण उभं राहील? मार्गदर्शक बाईंच्या मनात काय येईल? शिष्यवृत्तीवर तर काही येणार नाही ना? यंदा आपल्या केंद्र सरकारने तिच्यासाठी १०६ मुलं निवडली आणि आधी पत्रं फक्त ४० जणांना, बाकीच्यांना निधी असेल तर. तू त्या चाळिसात होतीस. हाती आलेलं जाऊ नये एवढंच वाटतं. खोलीत दार लावून शांत झोपलेली असशील तर हवं तेवढं भांड, मी आडवी येणार नाही. पण आधी खोली.

पुन्हा आले तिथेच. माफ कर.

अर्ज करच. त्यात जातीचं लिही, आणि पैशांचंही लिही, कारण दोन्ही एकाच दोरीत गुंतलंय. मंजुरीचं पत्र जुलैत आलं, तोवर स्वस्त वसतिगृहं भरली होती. ज्यांच्या घरी पैसा होता त्यांनी अनामत कधीच भरून टाकली होती. बाहेर खोली घ्यायची तर कायद्याने अनामत पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नाही, पण इंग्लंडातला जामीनदार नसेल तर सहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागतात. शिष्यवृत्तीच्या वर्षाच्या ९,९०० पौंडांतून ते कुठून काढायचं? म्हणजे तू त्या तिघींच्या दारात गेलीस ती हौसेने नाही. तेव्हा सरकारी शिष्यवृत्तीवर येणाऱ्या मुलांसाठी काही खोल्या सप्टेंबरपर्यंत राखून ठेवा म्हणावं, विद्यापीठाने स्वतः जामीन राहावं म्हणावं. आणि नव्या मुलांची सोबत लावताना फक्त देश बघू नका, विचारून लावा. हे तिसरं तुझंच आहे, मी फक्त परत सांगते.

सही पूर्ण नावाने कर. पप्पांनाही तसंच वाटतं. मी विचारलं नाही, त्यांनी आपणहून सांगितलं.

तुझी,
आई

ता.क. दादा मंगळवारी चाळीस हजार पाठवतोय, नको म्हणू नकोस. दुसरी खोली बघायला जाशील तेव्हा एकटी जाऊ नकोस. लीलो चेवडो पार्सलने पाठवला आहे, डबा हवाबंद ठेव, नाहीतर खराब होईल.