नव्या घराच्या कागदावर जोत्याची उंचीही हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भायली, सेवासी, बिल, वेमाली, करोडिया, उंडेरा, वडदला ही गावे 2020 मध्ये बडोदे महापालिकेच्या हद्दीत आली. तेव्हापासून जुन्या शहरातल्या दांडिया बाजार, रावपुऱ्यातली कितीतरी मराठी कुटुंबे तिकडे घर बघत आहेत. वाड्याचे वाटे पडले की एकेकाच्या हातात येणाऱ्या रकमेत जुन्या शहरात काही मिळत नाही, बाहेर टू-बीएचके मिळतो. आमच्या घरीही सध्या हाच विषय आहे. मुलगा आणि सूनबाई रविवार आला की एखादी नवी स्कीम, म्हणजे नवे गृहसंकुल, बघून येतात, बरोबर मलाही नेतात.

मी आयुष्यभर ड्राफ्ट्समनचे काम केले. इमारतीचे आणि रस्त्याचे नकाशे काढले, लेव्हली, म्हणजे उंचीची मापे, मांडल्या. त्यामुळे सॅम्पल फ्लॅटमध्ये शिरण्याआधी मी रस्त्याची कड आणि इमारतीचे जोते बघतो. कलालीच्या बाजूला एका स्कीमचे जोते समोरच्या रस्त्यापेक्षा जेमतेम वीतभर उंच होते. रस्त्यावर डांबराचा शेवटचा थर अजून पडायचा होता. तळघरात पार्किंग, आणि उतारावरून खाली गेल्याबरोबर डाव्या भिंतीवर सगळ्या फ्लॅटचे वीजमीटर, माझ्या गुडघ्याच्या उंचीवर. पाण्याच्या मोटारीही तिथेच. शेजारच्या जुन्या सोसायटीच्या कुंपणाच्या भिंतीवर छातीभर उंचीला गाळाची आडवी रेघ अजून स्पष्ट दिसत होती. नव्या स्कीमची भिंत ताज्या रंगाची होती. बुकिंगच्या टेबलावरच्या मुलीला मी विचारले, पावसाचे पाणी कुठे जाते? ती म्हणाली, "अंकल, इथे पाणी भरतच नाही." बाहेर पान-गल्ल्यावाल्याला तेच विचारले, तर त्याने बोलता बोलता कमरेवर हात ठेवला.

ऑगस्ट 2024 चा पूर कोणी विसरलेले नाही. विश्वामित्री नदीने 35 फुटांची पातळी ओलांडली, कित्येक सोसायट्यांच्या तळघरांत गाड्या बुडाल्या, मीटर भिजले आणि वीज दिवसचे दिवस आली नाही. वरच्या मजल्यावरची माणसे कोरडी होती, पण लिफ्ट बंद, मोटार बंद, नळाला पाणी नाही. आमच्या ओळखीच्या एका आजींना खुर्चीत बसवून चार मजले उतरवावे लागले. म्हणून 'आपण काय, पाचव्या मजल्यावर घेतोय' हे उत्तर मला पटत नाही.

मुलगा म्हणतो, बाबा, रेराची (बिल्डरांच्या प्रकल्पांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाची) नोंदणी आहे, मग काळजी कशाची? रेराचा 2016 चा कायदा चांगलाच आहे. नोंदणीकृत बानाखत (विक्रीचा करार) झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी 70 टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, जिना-लिफ्टचा वाटा धरलेल्या सुपर बिल्टअपच्या घोळाऐवजी कार्पेट एरिया, म्हणजे घरातली प्रत्यक्ष वापरायची जागा, सांगावा लागतो. ताबा घेतल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर तो बिल्डरने फुकट दुरुस्त करून द्यायचा. पण पुराचे पाणी तळघरात शिरले तर तो बांधकामाचा दोष धरायचा, असे त्यात कुठेही स्पष्ट लिहिलेले नाही. आणि मला खरोखर खटकते ते पुढेच आहे. याच कायद्याच्या कलम 4 नुसार नोंदणीच्या अर्जात जागेच्या कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश द्यावे लागतात. म्हणजे जागा पृथ्वीच्या पाठीवर नेमकी कुठे आहे हे सरकार विचारते. ती किती उंचीवर आहे, हे मात्र विचारत नाही. आपले शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम चाळीसेक मीटरवर, आणि जमीन इतकी सपाट की हातभर उंचीच्या फरकाने एक सोसायटी कोरडी राहते आणि शेजारची बुडते. इथे उंची हीच मुख्य माहिती आहे.

पूर आला की विश्वामित्रीची पातळी सांगतात ती काळा घोडा पुलापाशी मोजलेली. पण तिथल्या 35 फुटांचा भायली-कलालीच्या एखाद्या प्लॉटवर काय अर्थ होतो, हे घर घेणाऱ्याने कसे ओळखायचे? शिवाय पश्चिमेकडच्या नव्या वस्तीत पाणी नदीचेच येते असे नाही. पूर्वी शेतांमधून कांस आणि कोतरे, म्हणजे पावसाळी नाले आणि घळी, वाहत, पावसाचे पाणी त्यांतून नदीला मिळे. कुठे ती बुजली, कुठे त्यांच्यावर रस्ता आला. पाण्याला वाट उरली नाही की ते पार्किंगमध्ये उतरते. 2025 च्या उन्हाळ्यात नदीचा गाळ काढून पात्र रुंद करण्याचे काम झाले, ते हवेच होते. पण नदी रुंद केली म्हणून बुजलेला कांस मोकळा होत नाही.

जुन्या लोकांना हे कळत होते. आमच्या वाड्याला रस्त्यापासून पाच दगडी पायऱ्या होत्या. वर्षानुवर्षे डांबरावर डांबर चढत गेले आणि आज त्यांतल्या तीनच दिसतात. पाच होत्या म्हणून तीन तरी उरल्या. नव्या टीपी स्कीममध्ये (नगररचना योजनेत) तर इमारत आधी उभी राहते आणि पक्का रस्ता मागून येतो, तो बहुतेक वेळा उंचच होतो. वीतभर जोत्याचे तेव्हा काय होणार, हे सांगायला ड्राफ्ट्समन लागत नाही.

घर घेणाऱ्यांना बाकी सगळे हिशेब पाठ असतात. बांधकाम चालू असताना घेतले तर 5 टक्के जीएसटी (परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसले तर 1 टक्का), बीयू परमिशन (इमारत वापरण्याचा परवाना) मिळाल्यावर घेतले तर जीएसटी नाही, स्टॅम्प ड्यूटी 4.9 टक्के, बाईमाणसाच्या नावावर घेतले तर नोंदणी फी माफ. जोत्याची लेव्हल कोणी विचारत नाही, कारण ती घर घेणाऱ्याच्या हाती पडणाऱ्या कागदांवर सहसा नसते. मंजूर नकाशे आणि लेआउट मागण्याचा हक्क कलम 19 ने ग्राहकाला दिलेला आहे, तो जरूर वापरावा. घर बघायला भर पावसात जावे, आणि मीटर तळघरात असतील तर ते वर घेतल्याशिवाय टोकन देऊ नये. आमच्या घरी तरी मी तसे स्पष्ट सांगितले आहे.

पण प्रत्येकाच्या घरात ड्राफ्ट्समन नसतो. म्हणून गुजरात रेराने नोंदणीच्या अर्जात जोत्याची आणि तळघराच्या तोंडाची समुद्रसपाटीपासूनची उंची सक्तीची करावी, आणि ती बानाखतातही यावी. महापालिकेने व वुडाने (बडोदे नगरविकास प्राधिकरणाने) ऑगस्ट 2024 मध्ये पाणी कुठवर चढले ती खूण प्रत्येक टीपी स्कीममध्ये विजेच्या खांबांवर रंगवावी आणि झोन सर्टिफिकेटवर (जमीन कोणत्या वापरासाठी आहे ते सांगणाऱ्या दाखल्यावर) तो आकडा छापावा. यासाठी नवा कायदा लागत नाही, लेव्हल घेणारी माणसे आणि यंत्रे दोन्ही खात्यांकडे आहेत.

आणि एक विनंती आपल्याला. पावसाळ्यात आपण विश्वामित्रीची पातळी रोज छापता. तिच्या शेजारी तीच पातळी समुद्रसपाटीपासून किती मीटर, हेही छापत जावे.

आपला,
एक निवृत्त ड्राफ्ट्समन
दांडिया बाजार, बडोदे
(नाव-पत्ता संपादकांकडे)