पेट स्कॅनच्या सूचना मराठीत द्या

महोदय,

गेल्या महिन्यात माझ्या थोरल्या बहिणीला पेट स्कॅन या कर्करोग शोधणाऱ्या तपासणीसाठी परभणीहून रात्रीच्या गाडीने पुण्याला नेले. पहाटे उतरल्यावर ताईने चहा-बिस्किट घेतले आणि त्या दिवशी तपासणी झालीच नाही. सहा तास उपाशी राहण्याची अट इंग्रजी कागदावर बारीक अक्षरांत होती. तोंडी कुणी सांगितले नव्हते.

या तपासणीत किरणोत्सारी फ्लोरिन-१८ जोडलेली साखर शिरेतून देतात. अनेक प्रकारच्या कर्कपेशी साखर जास्त ओढून घेतात, म्हणून त्या जागा चित्रात उजळ दिसतात. खाल्ले की इन्सुलिन वाढते, ती साखर स्नायूंकडे वळते आणि चित्र बिघडते. शिवाय हे औषध दर ११० मिनिटांनी निम्मे होते. उद्यासाठी ते राखून ठेवता येत नाही.

देशातली पहिली पेट सुविधा २००२ साली मुंबईत, परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाली. इतक्या वर्षांनीही रुग्णाच्या हाती मराठी कागद पडू नये? मधुमेहींनी गोळ्या-इन्सुलिनचे काय करायचे, इंजेक्शननंतर तासभर शांत का पडून राहायचे, हे ठळक मराठीत छापा. आदल्या दिवशी दुपारी एक फोन करा. बाहेरगावच्या रुग्णाला तर तो हवाच.

आम्हाला पुण्यात मुक्काम परवडला. शेजारच्या बाकावरचे आजोबाही चहा घेऊन आले होते. ते पुढची तारीख न घेताच गावी परतले.

– एक वाचक, परभणी