आडवी बाटली आणि गैरहजर मतदार

महोदय,

गावातले दारूचे दुकान बंद करायला २००८ च्या शासन आदेशाने महिलांना मतदानाचा हक्क दिला. पण अट अशी की, यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी ‘आडव्या बाटली’वर, म्हणजे मतपत्रिकेवरच्या दुकान बंदीच्या चिन्हावर, शिक्का मारला पाहिजे. म्हणजे जी आलीच नाही, तिचे मत आपोआप दुकानदाराच्या पारड्यात!

आपल्याकडे दिवाळीनंतर नंदुरबार, धुळे, चाळीसगाव भागातली कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला जातात. कोयता, भांडी, लेकरे ट्रकमध्ये घालून गेलेली बाई मतदानाला येणार कशी? त्या काळात मतदान लावणे म्हणजे निकाल आधीच लावून ठेवणे. एक तर झालेल्या मतांवर निर्णय व्हावा, नाहीतर मजूर परतल्यावर उन्हाळ्यात मतदान ठेवावे.

दुसरे, आठवडे बाजाराचे. कापूस वेचणीचे पैसे बऱ्याच ठिकाणी बाजाराच्या दिवशीच हातात पडतात. संध्याकाळी दुकानापुढे मोटारसायकलींची गर्दी आणि स्टँडवर भाजीची पिशवी धरून नवऱ्यासाठी शेवटची एसटी सोडणाऱ्या बायका, हे चित्र कुणाला नवीन आहे? निदान त्या दिवशी दुपारनंतर विक्री बंद ठेवा.

विदेशी दारूला वयाची अट २५ वर्षांची आहे. काउंटरवर कुणी वय विचारल्याचे ऐकिवात नाही. सातपुड्यातल्या घरगुती मोहाच्या दारूवर धाडी टाकण्याचा उत्साह थोडा इकडेही वळवावा.

— एक वाचक, शहादा