जुनी बंदूक घासण्याआधी वाचावी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

वारशाने आलेल्या शिकारी बंदुकीचा ‘कायापालट’ कसा करावा, हा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. सोबतच्या छायाचित्रात दुनळीच्या नळ्या आरशासारख्या चमकताहेत आणि दस्त्यावर जेवणाच्या टेबलाला शोभेल असे पॉलिश आहे. लेखकाच्या हौसेविषयी तक्रार नाही. पण माझी सगळी नोकरी टूलरूममध्ये धातू मोजण्यात आणि घासण्यात गेली, आणि मामांची बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या रुंदीचे माप) जुनी दुनळी आता रीतसर परवान्यावर माझ्याकडे आहे. त्यामुळे ते छायाचित्र पाहून राहवले नाही. त्या बंदुकीवरचा मजकूरच घासून टाकला आहे.

मजकूर म्हणजे काय, ते सांगतो. नळ्या वेगळ्या करून उलट्या धरल्या की मागच्या टोकाशी, खालच्या सपाट भागावर बारीक ठसे दिसतात. नेहमीपेक्षा जास्त दाबाचा बार काढून नळी तपासायची आणि टिकली तरच ठसा मारायचा, ही जुनी पद्धत आहे. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला सनद मिळाली 1637 मध्ये, बर्मिंगहॅमचे परीक्षणगृह कायद्याने उभे राहिले 1813 मध्ये. बोअर किती, काडतुसाचे घर किती लांब, तपासणी काळ्या दारूवर, म्हणजे धूर करणाऱ्या जुन्या बारूदीवर, झाली की नंतरच्या धूरविरहित दारूवर, हे त्या ठशांवरून जाणकाराला कळते. पॉलिश पेपरने सर्वांत आधी जातात ते हेच ठसे.

मामांच्या बंदुकीतले घर अडीच इंची आहे. आज सर्रास मिळणारे काडतूस पावणेतीन इंची, म्हणजे 70 मिलिमीटरचे. गंमत अशी की ते त्या घरात अडथळ्याशिवाय बसते, कारण काडतुसाची लांबी मोजतात ती बार उडून तोंड उघडल्यानंतरची. बार उडाल्यावर ते तोंड नळीच्या निमुळत्या भागात उघडते, वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. ‘काडतूस नीट बसले म्हणजे बंदूक चालू’ हे लेखातले वाक्य म्हणूनच मला सर्वांत जास्त खटकले.

नळ्यांवरच्या लाटांसारख्या नक्षीचे लेखात कौतुक आहे, ते रास्तच. ही दमास्कस नळी. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, दांड्याभोवती गुंडाळून, तापवून, ठोकून एकजीव केलेली. ती घडली काळ्या दारूच्या काळात. 1884 मध्ये फ्रान्समध्ये रसायनतज्ज्ञ पॉल व्हिएय यांनी धूरविरहित दारू केली आणि दाबाचे गणित बदलले. म्हणून प्रत्येक दमास्कस नळी बाद, असेही नाही. काही नंतर नव्या दारूवरही परीक्षेत उतरल्या आहेत. पण तो निवाडा नळीच्या भिंतीची जाडी जागोजागी मोजणाऱ्या बंदूक-कारागिराने करायचा. आतले गंजाचे खड्डे घासून काढले की नळी गुळगुळीत दिसते आणि तेवढीच पातळही होते. मी खड्डे तसेच ठेवले आहेत.

घरी करण्यासारख्या तपासण्या आहेत. बंदूक रिकामी असल्याची खात्री दोनदा करावी. मग नळ्या वेगळ्या करून त्यांच्या मागच्या टोकाखालच्या हुकासारख्या आकड्याने टांगाव्यात आणि लाकडाने हलकेच टिचकी मारावी. स्वच्छ नाद घुमला तर दोन नळ्यांमधल्या पट्ट्या शाबूत. खरखर आली तर जोड कुठेतरी सुटला आहे. पुढचे लाकूड न लावता नळ्या जागेवर बसवून हलवून पाहाव्यात, कारण त्या लाकडातली स्प्रिंग ढिलाई लपवते. नळ्यांच्या मागे फटीतून उजेड दिसला तर ज्यावर नळ्या उघडमीट होतात ती बिजागरीची खीळ झिजली आहे.

आता नळ्यांना द्यायच्या काळ्याभोर रंगाबद्दल. गरम क्षारांच्या टाकीत नळ्या बुडवण्याचा सल्ला लेखात आहे. एकनळी बंदुकीला तो चालून जाईल. जुन्या दुनळीच्या पट्ट्या मात्र बहुधा शिसे-कथलाच्या सोल्डरने बसवलेल्या असतात आणि टाकीतला तीव्र अल्कली त्या सोल्डरला खातो. बाहेरून रंग झकास येतो, आतून जोड पोखरला जातो, शिवाय फटीत अडकलेले क्षार पुढे गंज आणत राहतात. दुनळीला जुनीच रीत: नळी तेलमुक्त करायची, गंज आणणारे द्रावण अगदी पातळ लावायचे, दमट जागी तांबूस गंज धरू द्यायचा, मग पाण्यात उकळायचे. तांबडा गंज काळा होतो. तो मऊ तारेच्या ब्रशने झाडायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. कंटाळवाणे काम आहे, म्हणूनच ते टाळण्याकडे कल असतो.

स्क्रूंच्या डोक्यांवर कोरीवकाम असते, त्यांना खाचेत अचूक बसणारे पातेच हवे. साधा पेचकस घसरला की जन्मभराचा ओरखडा. मधल्या यंत्रणेवरचे निळे-तपकिरी ढग हा पोलादाच्या कठीण केलेल्या पृष्ठाचा अगदी वरचा थर आहे, त्याला पॉलिश दाखवूच नये.

दस्ता अक्रोडाचा. वर्षानुवर्षे बंदूक उभी ठेवल्याने तेल पाझरून धातूलगतचे लाकूड काळे आणि मऊ पडते. खडूची पूड लावून, हळूहळू ऊब देऊन ते ओढून काढता येते. दबलेल्या खळग्यावर ओले फडके ठेवून गरम इस्त्री टेकवली की वाफेने तंतू फुगतात आणि खळगा बराचसा भरतो. सरसकट घासाल तर लाकूड धातूच्या पातळीखाली जाते, आणि गेलेले लाकूड परत येत नाही. मुठीवर पकडीसाठी कोरलेली जाळी मामांच्या हाताने एका बाजूला झिजली आहे. ती नव्याने कोरून देतो म्हणणारे भेटले. मी दात घासायच्या जुन्या ब्रशने मळ काढला आणि थांबलो.

जवसाच्या तेलाचे हात द्यावेत, हे लेखातले म्हणणे मान्य. पण ते तेल सुकताना उष्णता सोडते आणि चुरगळून टाकलेली तेलकट फडकी आपोआप पेट घेऊ शकतात, हे लेखात नाही. फडकी मोकळ्या हवेत पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावीत.

पुढच्या अंकात निदान दोन दुरुस्त्या ठळक छापाव्यात, ही विनंती: फडक्यांची ही सूचना, आणि काडतुसाचे घर मोजून, नळ्या जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय वारशाच्या बंदुकीतून एकही बार काढू नये, ही.

आपला,
एक निवृत्त टूलरूम कारागीर