प्रश्न ठरवतानाच आम्हाला बोलवा

महोदय,

पाठीच्या कण्याला इजा झाल्यापासून मी व्हीलचेअरवर आहे. माझा दिवस ब्युरोतून येणाऱ्या मदतनिसाच्या भरवशावर चालतो. घरगुती शुश्रूषेवर अभ्यास करणारे समाजकार्याचे विद्यार्थी अधूनमधून घरी येतात. मुलं मनापासून काम करतात, पण प्रश्नावली आधीच छापलेली असते. ‘आंघोळीला मदत लागते का? हो/नाही.’ ‘दिवसाला किती तास मदत मिळते?’

मला बारा तास मिळते. पण आठचा माणूस दहाला आला, तर लघवीची पिशवी तुडुंब भरते, कूस बदलायची राहून जाते आणि बेडसोअरची, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमांची, धास्ती लागते. विसर्जनाच्या दिवशी पेठांतले रस्ते बंद. वारज्याहून निघालेल्या माणसाने आमच्या वाड्यापर्यंत पोचायचं कसं? आणि माणूस बदलला की पुन्हा एका अनोळखी माणसापुढे अंग उघडं टाकायचं. माझ्या मते सगळ्यात जड हेच आहे. यातल्या कशालाच फॉर्मवर रकाना नसतो, कारण फॉर्म करताना आमच्यापैकी कुणी तिथे नसतं. बारा-बारा तास उभ्या असणाऱ्या मदतनिसालाही कुणी काही विचारत नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ६ नुसार आमच्यावर संशोधन करायला आमची संमती तर लागतेच, शिवाय सरकारने नेमलेल्या समितीची पूर्वपरवानगीही लागते. आणि त्या समितीत किमान निम्मे सदस्य स्वतः दिव्यांग किंवा त्यांच्या नोंदणीकृत संघटनांचे असावे लागतात. परवानगी देताना आमचं मत लागतं, मग प्रश्न ठरवताना का नको? ब्रिटनमध्ये अशा संशोधनाला सरकारी निधी देणारी राष्ट्रीय संस्था, सेवा घेणाऱ्यांना कसं सहभागी करणार हे अर्जातच विचारते. त्यांच्या वेळेचा मोबदलाही खर्चात धरायला सांगते.

पुण्यातल्या महाविद्यालयांना आणि विद्यापीठांच्या विभागांना माझी विनंती आहे, की प्रश्नावली पक्की होण्याआधी आम्हाला बोलवा. बैठक दुपारी ठेवा, आमची सकाळ आवरण्यातच जाते. जागा लिफ्टची आणि व्हीलचेअर आत जाईल अशा स्वच्छतागृहाची हवी. मानधन द्या, मदतनिसासह येण्याजाण्याचं रिक्षाभाडं द्या. निष्कर्ष छापण्याआधी मराठीत आमच्यापुढे वाचा. चुकलेलं आम्ही तिथेच सांगू. आमच्या भागातले आम्ही चार-पाच जण यायला तयार आहोत.

– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे ३०